सुका बोंबील जातो कुठे

ये, अशी जवळ बस. त्या खुर्चीत लांब बसून ऐकशील आणि निम्मं सोडून देशील, माहीत आहे मला. आणि तो फोन पालथा ठेव. परवा त्याच फोनवर मला तुझी मांजरी दाखवत होतीस ना, तेव्हा मी सगळं बघितलं. वाटीत पाकिटातले खडखडीत दाणे टाकलेस, त्यावर डब्यातलं ओलं ओतलंस, चमच्याने मस्त कालवलंस आणि वर मलाच सांगतेस, "आजी, ही फार नखरे करते." अगं, तुला कुणी वरणात चिवडा कालवून वाढला तर तू काय करशील?

हसू नकोस. ही चूक तुझ्या पणजीनेसुद्धा केली होती, आणि ती काही मांजरांतली अडाणी नव्हती.

आम्ही चारकोपला आलो तेव्हाची गोष्ट. ऐंशीनंतरची वर्षं. गिरणीचा संप लांबला, तुझ्या आजोबांचं काम सुटलं, आणि लालबागची खोली देऊन आम्ही सेक्टरमध्ये दीड खोलीचं बैठं घर घेतलं. वर पत्रे, मागे उघडी जमीन, त्यापलीकडे खाडीची झाडी. आजूबाजूला कुणाची भिंत निम्मी, कुणाचा नुसता पाया. आजोबांना अंधेरीला एका कंपनीत वॉचमनचं काम मिळालं. मला चारकोपच्याच इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये बॉलपेनात कांड्या भरायचं. तुझी आई चार वर्षांची. तिला दिवसभर सांभाळायला माझ्या सासूबाई, म्हणजे तुझी पणजी. सासूबाई होत्या म्हणून मी कामावर जात होते, एवढं लक्षात ठेव, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

सासूबाईंना चारकोप आवडलं नाही. लालबागला दार उघडलं की समोर पाच दारं उघडी. इथे दार उघडलं की वारा. त्या मालवणकडच्या, बोलणं अजून गावचं. म्हणायच्या, "गो, हय माणसा खय आसत? नुसती वाळू न् विटा." सोबतीला त्यांनी लालबागची आपली मांजरी आणली होती, टेम्पोत, गोणपाटाच्या पिशवीत घालून. पांढरी, पाठीवर करडा डाग. अंगाला कुणाला हात लावू द्यायची नाही, पण सासूबाई जेवायला बसल्या की पदराजवळ येऊन बसायची.

तिचं जेवण ठरलेलं. जर्मनची, म्हणजे अॅल्युमिनियमची, एक जुनी ताटली होती. तिच्यात एका बाजूला माशाचं डोकं-शेपटी शिजवून कालवलेला भात, म्हणजे ओलं. दुसऱ्या बाजूला सुक्या बोंबलाचे दोन-तीन तुकडे, म्हणजे सुकं. सोमवार-गुरुवार घरात मासळी शिजायची नाही, तेव्हा तिलाही दूधभात. सासूबाईंचा नियमच होता, ज्या घरचं खायचं त्या घरचा वार पाळायचा. मांजराने काय पाप केलंय म्हणून विचारलं तर म्हणायच्या, "पाप नाय, शिस्त."

नव्या घरी आल्यावर थोड्याच दिवसांत ती मांजरी दिसेनाशी झाली. सासूबाईंनी सेक्टरभर हाका मारल्या. म्हणाल्या, लालबागला परत गेली असणार. दोन दिवसांनी आली, पण कशी, तर पोट पाठीला लागलेलं. ताटलीवर तुटून पडली आणि परत गायब. मग तोच तिचा क्रम झाला. यायचं, खायचं, जायचं. सासूबाईंनी एकच अर्थ काढला. "तिका हय करमणा नाय. माज्यासारखाच."

आणि चैत्र लागल्यावर त्यांनी मला सांगून टाकलं. मे महिन्यात धाकटा मुलगा गावाहून येईल, त्याच्याबरोबर त्या गावाला जाणार आणि तिथेच राहणार. मांजरीला पण नेणार. मी पोळ्या लाटत होते. लाटणं थांबलं माझं. म्हटलं, "आणि पोरगी?"

"पोरगी तुझी. मी काय जन्मभर हय वाळू राखूक बसतलंय?"

राग नव्हता गं त्यात. बाई कोमेजत चालली होती, मला दिसत होतं. पण त्या गेल्या की माझं काम गेलंच. आणि एका पगारात तेव्हा घर चाललं नसतं.  मनात धरलं की मांजरी रमली तर बहुतेक ह्या पण रमतील. माणूस कशाला धरून बसेल, सांगता येत नाही.

म्हणून मी मांजरीकडे बघायला लागले. आधी नुसतं दिसायची, आता बघायला लागले. आणि मला एक गंमत दिसली. ती ओलं खायची ते इथेच, ताटलीवर, मान खाली घालून, शेवटचं शीत चाटूनपुसून. पण सुका बोंबील खायची नाही. तुकडा तोंडात धरायची आणि घेऊन जायची. परत यायची, दुसरा तुकडा न्यायची. तिसरा पण.

सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "जाऊन टाकीत असतली. हयच्या बोंबलाक वास खय आसा?"

मला पटेना. टाकायचाच तर इथे टाकेल, तीन फेऱ्या कशाला मारेल? एकदा मी मुद्दाम बोंबील आधी ठेवला आणि भात मागाहून. तिने बोंबील हुंगला, आणि भाताची वाट बघत बसली. भात खाल्ला, मग बोंबील उचलला. म्हणजे आधी ओलं, मग सुकं, ही रीत तिचीच. मी मागोमाग बघायला गेले तर कुंपणाच्या दगडावर बसून माझ्याकडेच बघत राहिली, तोंडात बोंबील तसाच. मी आत आले तेव्हा गेली. एका सोमवारी दूधभात खाल्ला, आणि चुलीपाशी पडलेला भाकरीचा वाळका काठ घेऊन गेली. भाकरीचा काठ, बोंबील खाणारी मांजरी. मला दिवसभर कारखान्यात कांड्या भरताना तेच डोक्यात. शेजारची मुलगी म्हणाली, "काय गं, रिफिल उलटी घालतेयस, लक्ष कुठाय?" काय सांगणार, मांजरीच्या तोंडात.

सासूबाईंनी मात्र त्यांच्या परीने उपाय शोधला. त्यांना वाटलं, म्हातारी झाली, दात दुखत असतील, सुकं चावत नसेल. म्हणून त्या बोंबील भाजून, पाट्यावर कुटून, पेजेत भिजवून भातात एकजीव कालवायला लागल्या. बाळंतिणीला करावं तसं. हातानं मऊ करत बसायच्या. "आता बघ कशी खाता ती."

मांजरीने खाल्लं. सगळं खाल्लं. पण खाऊन झाल्यावर गेली नाही. ताटली हुंगत राहिली, ताटलीखाली पंजा घातला, बोंबलाच्या डब्याभोवती फिरली, आणि ओरडायला लागली. आधी कधी ओरडायची नाही. दुसऱ्या दिवशी तेच. सासूबाई हिरमुसल्या. "पोटभर घालतंय तरी रडता. हिचा मन हय नाय." आणि ट्रंकेतली लुगडी बाहेर काढून घड्या घालायला बसल्या, गावाला जायच्या तयारीने.

त्याच आठवड्यात, माझ्या सुट्टीच्या दिवशी सकाळी, दारात एक बाई येऊन उभी राहिली. जवळच्या गावठाणातली, ख्रिस्ती, गळ्यात क्रूस, कासोट्याचं लुगडं. खाडीकडच्या मोकळ्या जागेत बांबूंना दोऱ्या बांधून ती बोंबील सुकवायची. दोन-दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून दोरीवर टाकलेले, मिठाबिठाचं नाव नाही, नुसतं ऊन. आमचा बोंबील तिच्याकडूनच यायचा.

"पाठीवर डागवाली मांजरी तुमचीच ना गो बाय?"

मी हो म्हटलं.

"रोज येते. खाली बसून खाल्ला असता तर मी बोलले नसते, जीव हाय. पन ती नेते. तोंडात धरून नेते, वरात निघाल्यासारखी."

सासूबाई आतून म्हणाल्या, "आमची मांजर चोर नाय."

"चोर नाय, मग बाजारात विकाय नेते काय?"

सासूबाई तरातरा बाहेर आल्या. मला वाटलं आता जुंपणार. पण त्यांनी एकदम विचारलं, "खयच्या बाजूक नेता?"

त्या बाईने हात केला. आमच्या घरापलीकडचा तिसरा प्लॉट. भिंती दाराच्या उंचीपर्यंत येऊन काम थांबलेलं. मी आत जाऊन डब्यातला एक आख्खा बोंबील आणला आणि कुंपणाच्या दगडावर ठेवला. मग आम्ही तिघी दाराआड उभ्या. तुझी आई माझ्या कडेवर. तिला सांगितलं, बोलायचं नाही. ती मोठ्याने म्हणाली, "मी कुठे बोलतेय?"

मांजरी आली. दगडाभोवती एक चक्कर मारली, बोंबील आडवा उचलला. दोन्ही बाजूंनी लोंबत होता, ठेच लागत होती तिला. आम्ही मागे. सासूबाईंच्या एका डोळ्यात मोतीबिंदू उतरलेला, त्यांनी त्या बाईचा हात धरला होता. मघाशी भांडत होत्या, आता हात धरून चाललेल्या.

त्या निम्म्या घरात, कोपऱ्यात विटांचा ढीग आणि सिमेंटच्या रिकाम्या गोण्या. मांजरीने बोंबील खाली टाकला आणि घशातल्या घशात एक आवाज काढला, मी तो आधी कधी ऐकला नव्हता. गोण्यांमधून तीन पिल्लं बाहेर आली. चांगली धावणारी. एकाने बोंबलाचं शेपूट धरलं, दुसऱ्याने डोकं, आणि तिसरं मधोमध बसून गुरगुरायला लागलं. मांजरी बाजूला बसून बघत होती. एक घास खाल्ला नाही तिने.

तू म्हणशील, इतके दिवस कळलं कसं नाही. अगं, ती अंगाला हात लावू देत नसे, आणि लालबागला तिची प्रत्येक वीण सासूबाईंच्या खाटेखाली, लाकडी पेटीत झालेली. ती दुसरीकडे कुठे वीत असेल हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. गुबगुबीत होऊन आली होती ना टेम्पोतून, ते ताज्या मासळीचं, असं समजत होतो आम्ही. आणि नव्या घरात ती पेटी आम्ही माळ्यावर टाकली होती. तिने तरी कुठे जायचं.

सासूबाई विटेवर टेकल्या.  मग मला म्हणाल्या, "गो, म्हणजे ती सुका ह्यांच्यासाठी नेय होती."

"हो. आणि ओलं स्वतः खात होती. ओलं तोंडात धरून नेता येतं का?"

त्यांचं तोंड उतरलं. "आणि मी ता सगळा कालवून ठेवलंय. पोरांच्या तोंडचो घास काढलंय."

"तुमाला काय ठावक," ती गावठाणातली बाई म्हणाली. "म्हनून तर माझ्याकडं आली ती. मी पन उगाच शिव्या घातल्या." मग तिने सांगितलं की पिल्लांना हात लावू नका, आई टाकून देते. सासूबाई म्हणाल्या, तसलं काही नसतं, मी लालबागला डझनांनी पिल्लं उचललीयत. ती म्हणाली, तुमच्या लालबागची मांजरं वेगळी असतील. ह्यावर दोघींचं तिथेच, विटांच्या ढिगापाशी, बराच वेळ चाललं. मी कडेवरच्या पोरीला घेऊन घरी आले आणि तुझ्या आजोबांना उठवलं. रात्रपाळी करून झोपले होते. म्हटलं, माळ्यावरची पेटी काढा. ते म्हणाले, "चोर आले का?" म्हटलं, बाळंतीण येतेय.

पेटी खाटेखाली ठेवली, आत सासूबाईंचं लुगडं. ट्रंकेतून घडी घालायला काढलेलंच एक. त्यांनी पिल्लं पदरात उचलून आणली. मांजरी मागून ओरडत आली, पेटीत शिरली, हुंगलं आणि आडवी झाली. ताटलीत परत दोन बाजू झाल्या. इकडे ओलं, तिकडे सुकं, मध्ये बोटभर जागा. आता सुकं न्यायचं ते खाटेखालीच, चार पावलांवर, पण नेत होती, खात नव्हती. पिल्लं भात खायला लागली तेव्हा कुठे तिने एक दिवस स्वतः बोंबील चावला. कडकड आवाज आला. दात चांगले शाबूत होते तिचे.

गावठाणातली बाई मग रोज दुपारी यायला लागली. पिल्लं बघायला, असं म्हणायची. बसायची मात्र सासूबाईंजवळ. मी कामावरून यायचे तेव्हा दोघी दारात पाय पसरून मांजरांवरून वाद घालत असायच्या.

मे महिन्यात माझे दीर आले. एसटीची दोन तिकिटं काढूनच. जेवताना म्हणाले, "आई, तयारी झाली?"

"कसली तयारी?"

"गावाला यायची. तू पत्र धाडलं होतंस ना?"

सासूबाईंनी त्यांच्या पानात आणखी भात वाढला. "तीन पोरांका टाकून खय येव? बोको फिरता हय रात्रीचो. आणि ह्या बायकोमाणसाची पोरगी कोण सांभाळतलो?" ह्या बायकोमाणसाची म्हणजे माझी. मी खाली मान घालून जेवत होते. बरं वाटत होतं.

"अगं पण मी सीटा राखल्यात."

"मग एका सीटवर पिल्लू बसव. भाताच्या कणगीत उंदीर झालेत म्हणून तुझी बायको रडता ना?"

आणि खरंच, दुसऱ्या दिवशी दीर आई न्यायला आले ते मांजराचं पिल्लू घेऊन गेले, कापडी पिशवीत, तोंडाशी नाडी सैल ठेवून. सासूबाई रिक्षापर्यंत गेल्या. पोराला नीट जा म्हणाल्या की नाही आठवत नाही, पण हे सांगितलेलं मी ऐकलं: "ओला-सुका एकत्र कालवू नको म्हणून सांग तिका. ठेवचा दोन्ही. काय करूचा ता मांजर ठरवीत." मी डबा उचलला आणि कारखान्यात गेले, रोजच्यासारखी.

त्यानंतर त्या गावाला जायच्या त्या गणपतीपुरत्या.

तुझी आई सांगेल तुला, ती त्या पिल्लांना स्वतःची झबली घालायची. मांजरं नेमकी काय विचार करतात, मला अजून कळलेलं नाही. सुक्याचा तुकडा उचलताना तिला कळत असेल का, की हा आपला नाही? का नुसतं तोंड धरतं आणि पाय चालतात? कितीतरी वेळा मी ह्यावर विचार केलाय.

बरं, तू आता निघशील, तुझी घाई दिसतेय मला. पण पुढच्या वेळी अशी संध्याकाळी टेकायला येऊ नकोस. बुधवारी सकाळी लवकर ये, राहायच्या तयारीने. दोघी जाऊ बाजारात. एकटीने मासे निवडायला आताशा मजा येत नाही, कुणीतरी बाजूला "हा शिळा आहे" म्हणणारं लागतं. फार दिवस लावू नकोस.