मधलं पान

देवळीहून वर्ध्याला जाणाऱ्या एसटीत तो माझ्या शेजारी येऊन बसला, तेव्हा मी एका नव्या कादंबरीवर अभिप्राय खरडत होतो. गेल्या महिन्यात अशा तीन वाचल्या. तिन्हींत शहराला कंटाळून गावी परतलेला नायक, आणि तिन्हींत पानापानावर मातीचा वास. वीट आला होता. पण एका साप्ताहिकात मी पुस्तकांचं कौतुक लिहितो, म्हणून लिहीत होतो.

तो बाजारात कापूस पारखतो, असं त्यानेच सांगितलं. बाहीला चिकटलेला कापूस तो दोन चिमटींत ओढून धाग्याची लांबी बघत होता. मग न विचारताच त्याने माझी कादंबरी उचलली, थेट मधे उघडली आणि वाचता वाचता फिस्सकन हसला.

"पोळा झाला नाई अन् कापूस वेचून राह्यले हे लोक! तवा तं कापसाच्या पराटीले नुसते फुलं राह्यते."

"सुरुवात छान आहे हो," मी म्हणालो.

"वरचा कापूस सगळ्याईचाच चांगला राह्यते, सर. भरल्या बैलबंडीत कोपरापर्यंत हात घातल्याबिगर मी कोनाच्या मालाले चांगलं म्हणत नाई."

तो पान उलटायला गेला. पुढची दोन पानं छापखान्यात कापायची राहून गेली होती, अजून एकमेकांना जोडलेलीच. त्याने ती अंगठ्याने चाचपली आणि माझ्या वहीत डोकावून पाहिलं. मी लिहिलं होतं, 'शेवटच्या पानापर्यंत खिळवून ठेवणारी कादंबरी.'

त्याने पुस्तक माझ्या मांडीवर ठेवलं आणि बोटं पँटला पुसली, ओल्या कापसातून हात काढल्यावर पुसतात तशी.