बेटावरचा भूकंप

भूकंपानंतर मी लातूरच्या वसतिगृहात परतले, तेव्हा मुली अजून अंगणातच सतरंज्या टाकून झोपत होत्या. मी इंग्रजीत एम.ए. करत होते. चाकूरला अब्बांचं शिलाईचं दुकान. निघताना त्यांनी एवढंच बजावलं होतं, "बेटी, छत के नीचे नक्को सो." मी मान डोलावली. पण अंगणातही डोळा लागत नव्हता. आत भिंत अंगावर येईल ही धास्ती, बाहेर कुणी फाटक ओलांडून येईल ही.

त्याच दिवसांत मी प्रबंधासाठी एक जुनी कादंबरी वाचत होते. इंग्रजी कादंबरी नुकती जन्माला येत होती त्या काळातला थोर लेखक, आणि बेटावर अडकलेल्या एकट्या माणसाची गोष्ट. शाळेत तिची छोटी आवृत्ती वाचलेली; त्यात जहाज, शेळ्या, पोपट एवढंच होतं. मूळ पुस्तकात भूकंप आहे हे मला ठाऊकच नव्हतं. ते पान आलं आणि मी पुस्तक मिटून टाकलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडलं. कडा कोसळल्यावर तो माणूस ठरवतो, गुहेत राहायचं नाही, मोकळ्यावर झोपडी बांधायची. मग उघड्यावर निजायची भीती वाटते. मग मांडून ठेवलेलं घर दिसतं आणि त्याचा पाय निघत नाही.

ग्रंथालयात मिळाली तेवढी समीक्षा मी वाचली. कुणी त्याच्या पश्चात्तापावर लिहिलेलं, कुणी व्यापारी वृत्तीवर. भूकंप म्हणजे सगळ्यांच्या लेखी देवाचा इशारा. मला ते अपुरं वाटलं. मी लिहिलं, हा लेखक भीतीला लगेच अर्थ चिकटवत नाही. त्याचा माणूस देवाकडे वळण्याआधी पुन्हा पुन्हा छताकडे बघतो.

मार्गदर्शक सरांनी कागद बाजूला ठेवले. "मुद्दा बरा आहे. पण तुम्ही कादंबरी वाचताय की लातूर?"

माझीच भीती मी त्या पानांवर लादली असेल तर सगळा प्रबंध फुकट. मी ती पानं इतकी वाचली की कडा काळ्या पडल्या. शब्द मात्र तेच सांगत होते.

तोंडी परीक्षा नांदेडला होती, वरच्या मजल्यावर. अब्बा खाली झाडाखाली थांबले. परीक्षक बाईंनी माझी नजर हेरली.

"वर काय बघताय?"

"पंखा हलतोय का ते, मॅडम."

त्या हसल्या नाहीत. "बरं, मग सांगा. तो शेवटी घर का सोडत नाही?"

"भीती दोन्हीकडे आहे. घरातली निदान ओळखीची आहे."

त्यांनी काहीतरी टिपून घेतलं. मी पास झाले, बऱ्यापैकी गुणांनी.

पुढे लातुरात क्लासेसचं पेव फुटलं आणि मी त्यातल्या एकात इंग्रजी व्याकरण शिकवू लागले. तिसरा मजला. खालून ट्रक गेला की बाकं थरथरायची आणि माझं वाक्य अर्ध्यावर तुटायचं. पोरं चकित होऊन बघायची. भूकंप झाला तेव्हा ती तान्ही होती. एकदा एका मुलीनं विचारलं, "मॅडम, काय झालं?" तेव्हा मी बेटावरच्या त्या माणसाची गोष्ट सांगितली. अभ्यासक्रम सोडून बोलले म्हणून संचालकांनी बोलावून घेतलं. त्यांचं ऐकून घेतलं आणि मी तळमजल्यावरची खोली मागितली. पुढच्या वर्षी मिळाली. तिथंही मी दाराजवळच उभी राहून शिकवते.