वामनपुढे दिलेली साक्ष

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. नाताळाआधी आमच्या चर्चच्या भिंतींना चुना लावतात, आणि त्या ओल्या वासानं दरवर्षी मला एक दुपार आठवते.

आमची कापडगिरणी चालू होती त्या काळात, चर्चमध्ये लोकांचा विश्वास नव्यानं जागवायला उज्जीवन सभा भरली होती, त्या दुपारी असाच वास होता. शेजारी आई रडत होती. तिच्यासाठी मी उभा राहिलो आणि सगळ्यांसमोर साक्ष दिली, "प्रभूनं मला हाक मारली, माझा नवा जन्म झाला." हाक वगैरे काही आली नव्हती.

गिरणीतला माझा सोबती, सक्करदऱ्याचा वामन, गंमत बघायला आला होता. बाहेर येऊन पाहतो तर त्याचे डोळे ओले.

"फसवून तं नाही राहिला ना गा मले?"

"नाही."

"मंग मलेबी पाहिजे तो देव. बाप घरातून काढन, तं काढू दे."

वामन ख्रिस्ती झाला, आणि बापानं काढलंच. पुढे बाप वारला, तेव्हा भावांनी त्याला खांदाही देऊ दिला नाही.

वामन आजही माझ्या पुढच्या बाकावर डोळे मिटून प्रार्थना करतो. त्याला ती हाक खरोखर आली, हे त्याच्या चेहऱ्यावरून कळतं. मला अजून आलेली नाही.

वामनला खरं सांगणं माझ्याकडे बाकी आहे.