मे महिन्यात विहीर दाखवा

नळ उघडून माणसाची पारख करणारे जगात एकच गृहस्थ मी पाहिले, ते म्हणजे आमच्या हिचे मामा. मला बघायला आले तेव्हा शिक्षण, पगार, पत्रिका असल्या किरकोळ गोष्टी त्यांनी इतरांवर सोडल्या आणि तडक मोरीत जाऊन नळ सोडला. "मे महिन्यात किती वेळ येतं?" हा त्यांचा मला पहिला प्रश्न. मी खरं उत्तर दिलं म्हणून लग्न जमलं, असं ते अजून चारचौघांत सांगतात. पालिकेच्या पाणीपुरवठा खात्यात जन्म गेला. निवृत्त होताना खातं तिथेच ठेवून यायचं तेवढं राहून गेलं. हिंजवडीत कंपन्या आल्या तेव्हा अख्खं पुणं पगारांबद्दल बोलत होतं आणि मामा एकटे विचारत होते, "एवढ्या माणसांच्या अंघोळीचं काय?" लोक हसायचे. मीही हसलो.

पुढे लोणी काळभोरपलीकडच्या एका गावात कुणा कंपनीला डेटा सेंटर बांधायचं होतं. म्हणजे इमारतभर कॉम्प्युटर, आणि ते तापू नयेत म्हणून रात्रंदिवस त्यांना गार करत बसायचं. ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला हवा होता. सरपंचबाई मामांच्या ओळखीच्या. त्या बिचाऱ्या कात्रीत सापडल्या होत्या. "मामा, नको म्हनलं तर पोरं घरात बसून ऱ्हात्यात, हो म्हनलं तर हिरी आटत्यात. काय करू वो?"

मामा मला घेऊन गेले. श्रावण होता, विहीर काठोकाठ भरलेली. ती बघून कंपनीचा तरुण अधिकारी खूश झाला. "सर, वॉटरचा इश्शूच नाही इथे!"

"श्रावणात कुणाचीही विहीर देखणी दिसते," मामा म्हणाले. "मे महिन्यात या. येताना एवढं सांगा, बांधकाम संपल्यावर गावातली किती मुलं आत राहतील, आणि लाईट गेली की तुमचे जनरेटर कुणाच्या घराशेजारी ओरडतील."

सरपंचबाईंनी दाखला मे महिन्यापर्यंत थांबवला आणि गाव खवळलं. कंपनी हातची जाणार म्हणून पोरांनी मामांशी बोलणं टाकलं. सरपंचबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मला मामांचा मनस्वी राग आला; तसं मी गाडीत बोललोही. तो उन्हाळा येईपर्यंत त्यांना झोप लागत नव्हती, हे मामींनी मला फार नंतर सांगितलं.

मे महिन्यात कंपनीवाले आले. विहिरीच्या तळाशी चिखल आणि काठावर रिकाम्या घागरींची रांग. अधिकारी बराच वेळ वाकून बघत राहिला. मग बोलणी नव्याने झाली. गावच्या पाण्याला हात लावायचा नाही, शहराचं शुद्ध केलेलं सांडपाणी आणायचं, जनरेटर वस्तीपासून लांब, आणि दर उन्हाळ्यात गावाने आत जाऊन पाण्याचे मीटर तपासायचे. नोकऱ्या मात्र पोरांना वाटल्या होत्या त्याहून थोड्या मिळाल्या.

ती तपासणी म्हणजे मामांचा सण. गावातल्या पोरांना शेजारी उभं करून ते प्रत्येक मीटर दोनदा वाचायला लावत.

यंदा मामांचे गुडघे फार दुखत होते. तरी सकाळपासून टोपी घालून, पाण्याची बाटली घेऊन ते गाडीची वाट बघत बसले होते. दुपारी सरपंचबाईंचा फोन आला. "मामा, औंदा आमीच जाऊन बघून आलो. समदं बराबर हाय. तुमाला उगा उन्हात कशाला तरास?"

"उत्तम," मामा म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "बरोबर आहे. नाहीतर शिकवलं कशाला?"

टोपी मात्र त्यांनी रात्री जेवायला बसेपर्यंत काढली नाही.