उशीर लाइनचा नव्हता

डॉक्टरांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली आणि पेनाच्या टोकाने बाबांच्या मेंदूच्या उजव्या बाजूला दिसणारी एक राखाडी पट्टी दाखवली. संत्र्याच्या फोडीसारखी होती ती.

"क्रॉनिक सबड्युरल हेमॅटोमा," ते म्हणाले. म्हणजे कवटी आणि मेंदू यांच्यामध्ये, मेंदूच्या आवरणाखाली हळूहळू साचत गेलेलं जुनं रक्त. ते मेंदूला एका बाजूला ढकलत होतं.

"किती दिवस झाले, हे सावकाश बोलताहेत?"

याचं उत्तर मला तारीखवार देता आलं असतं. सगळ्या दिवसांची नोंद माझ्या वहीत होती, पण ती मी बाबांच्या इंटरनेटची म्हणून ठेवली होती. मी नुसतं "महिना झाला" म्हटलं आणि मान खाली घातली.

बाबा अडुसष्ट वर्षांचे. पातूरला आमची फुलांची शेती आहे, शेवंती आणि गुलाब. बाबांचं बोलणं म्हणजे गिऱ्हाइकाचा प्रश्न पुरा व्हायच्या आत भाव सांगून मोकळे. मी अमरावतीला एका शिकवणी वर्गात नोकरी करते. मास्तर अमरावतीत शिकवतात आणि मुलं गावोगावी आपल्या घरी बसून बघतात. तो आवाज आणि ते चित्र न तुटता, वेळेवर पोचवणं हे माझं काम.

ते थोडक्यात सांगते, कारण माझी चूक त्याच कामातून आली. आवाज आणि चित्र अखंड जात नाही. त्याचे बारीक बारीक तुकडे करून, प्रत्येकावर नंबर टाकून ते पाठवतात. काही तुकडे उशिरा येतात, काही उलटसुलट येतात आणि काही येतच नाहीत. पलीकडची बाजू क्षणभर थांबते, तुकडे ओळीत लावते आणि मग ऐकवते. या थांबण्याला आम्ही लेटन्सी म्हणतो, साध्या भाषेत उशीर. तो वाढला की दोन माणसं एकमेकांच्या बोलण्यात तोंड घालतात. आणि एखादा तुकडा आलाच नाही, तर मागच्यापुढच्या आवाजावरून अंदाजाने तो भरून काढतात. ऐकणाऱ्याला पत्ताही लागत नाही.

जानेवारीच्या शेवटी बाबा फोनवर उशिरा उत्तर द्यायला लागले. मी रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल करायची. "जेवलात का?" विचारलं की ते माझ्याकडे बघत राहायचे, आणि दीडेक सेकंदाने "जेवलो" यायचं. मला वाटलं, झालं, पातूरची लाइन बिघडली. दुसरा विचार डोक्यात आलासुद्धा नाही.

मग मी हात धुऊन त्या लाइनच्या मागे लागले. आधी राउटर कपाटावरून काढून खिडकीत ठेवायला लावला. मग तार बदलली. मग बाबांचा फोन जुना म्हणून नवा पाठवला. इथून तपासलं की आकडे उत्तम यायचे, तर मी त्या आकड्यांवरच संशय घेतला. दहावी-बारावीच्या परीक्षा तोंडावर होत्या, वर्गांची गर्दी होती, आणि रोज बाबांचा चेहरा दिसतो आहे म्हणजे आपण भेटतोच आहोत, असं मी धरून चालले होते. अमरावतीहून पातूर काही परमुलूख नाही. सकाळी निघाले असते तर दुपारच्या जेवणाला पोचले असते.

आमच्या कामात एक नियम आहे, आधी आवाज, मग चित्र. लाइन कमजोर असेल तर चित्राचा स्पष्टपणा कमी करायचा आणि आवाज जपायचा. मी बाबांच्या फोनवर तेच केलं. त्यामुळे महिनाभर मला ते धुरकट दिसत होते. डाव्या गालावरची दाढी तशीच राहते आहे, डावा हात मांडीवरून फारसा उठत नाही, यातलं काही मला दिसलं नाही. माझ्याच हाताने मी ते पुसलं होतं.

आई मात्र शेजारी बसलेली असायची. बाबा अडले की ती शब्द पुरवायची. "आज बाजारात..." म्हणून ते थांबले, की "गुलाबाले भाव होता म्हणतात" असं ती म्हणायची. मी म्हणायचे, छान. एकदा ती बाबांबद्दल सहज बोलली, "यायच्या डाव्या पायातली चप्पल निसटते अवं, यायले समजत नाई." वर तीच म्हणाली की चप्पल नवी आहे, पट्टा सैल असेल. मी तेही मानलं.

फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी सकाळी मला सुट्टी होती. ठरवलं, आज या उशिराचा निकाल लावायचा. आमच्याकडे टाळीची परीक्षा असते. मी टाळी वाजवायची, पलीकडच्याने ती दिसताक्षणी वाजवायची, आणि मध्ये किती वेळ गेला ते मोजायचं.

बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "आरती हाय का?" पण ते म्हणायलाही त्यांना वेळ लागला.

मी टाळी वाजवली. एक, दोन, आणि मग त्यांची आली. पुन्हा केलं, पुन्हा तेच. पाच वेळा केलं आणि वहीत लिहून ठेवलं. बाबा थकले. मी म्हटलं, "आई, तू वाजव बरं."

माझी टाळी वाजली आणि आईची लगेच आली. पुन्हा वाजवली, लगेच आली. तीच लाइन, तोच फोन, तीच खोली.

मी पेन्सिल हातात धरून बसून राहिले.  मग चित्र पुन्हा स्पष्ट करून घेतलं आणि बाबांना दोन्ही हात समोर धरायला सांगितले. उजवा वर राहिला. डावा हळूहळू खाली आला आणि बाबांना ते कळलंही नाही.

"आई, शेजाऱ्यांना गाडी काढायला सांग. बाबांना आत्ता अकोल्याला ने. मी थेट दवाखान्यात येते."

"कावून? नेटच हाय ना खराब?"

"नेट चांगलं आहे गं," मी म्हटलं आणि मला रडू फुटलं.

अकोल्यात मी पोचले तोवर सीटी स्कॅन, म्हणजे डोक्याचे आडवे आडवे काप दाखवणारी तपासणी, झालेली होती. डॉक्टरांनी विचारलं, "हे रक्त आजचं नाही. पाच-सहा आठवड्यांपूर्वी डोक्याला काही लागलं होतं का?" बाबा नाही म्हणाले. आईने बराच विचार केला आणि मग तिला आठवलं. फुलांचे कॅरेट टेम्पोत चढवताना दाराची कडी डोक्याला लागली होती. रक्त आलं नव्हतं. हळद लावली आणि दोघं विसरून गेले.

"ते हृदयासाठी रक्त पातळ ठेवणारी गोळी घेतात," डॉक्टर म्हणाले. "वय आणि ही गोळी, दोन्ही मिळून लहानशा मारानेही आत थोडं थोडं रक्त झिरपत राहू शकतं. उद्या ऑपरेशन करू. उशीर झाला आहे, पण फार नाही."

'फार नाही' हे दोन शब्द मी रात्रभर धरून होते.

ऑपरेशनचं नाव बर होल. कवटीला दोन लहान भोकं पाडतात, साचलेलं रक्त धुऊन काढतात, आणि उरलेलं बाहेर यावं म्हणून एक-दोन दिवस नळी ठेवतात. ऐकायला भयंकर वाटतं. बाहेर बसलेल्यांसाठी ते दीड तासाचं होतं.

त्या दीड तासात आई बोलली. "मले समजत होतं, यायले शब्द सुचून नाई राहिले. वाटलं, वय झालं. तू तिकडं एकटी, तुह्या जिवाले घोर कावून लावा? म्हणून यायच्या जागी मी बोलत होती."

मला तिचा राग आला. खरंच आला, खोटं कशाला सांगू? तिथून उठून जिन्यापर्यंत गेले आणि परत आले. ती निदान त्यांच्या शेजारी बसलेली होती. मी कुठे होते? मी तिचा हात हातात घेतला. 

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर बाबांच्या खाटेजवळ आले. माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, "काका, या कोण?"

बाबा बघत राहिले. आईचे ओठ हलले. डॉक्टर तिच्याकडे न बघताच म्हणाले, "काकू, सांगू नका. त्यांना वेळ घेऊ द्या."

आईने पदर तोंडात धरला. मी खाटेची दांडी घट्ट धरली. इतकी वर्षं मी लोकांचा उशीर कमी करत आले, आणि तो एक उशीर मला निमूटपणे सोसायचा होता. त्यांना मी ओळखू आले नाही तर, हा विचार काही केल्या जात नव्हता.

"माही पोरगी हाय," बाबा म्हणाले. "कामाले दांडी मारून आली दिसते."

आम्ही दोघी हसलोही आणि रडलोही. बाजूच्या खाटेवरच्या आजी विचारायला लागल्या, काय झालं म्हणून.

पुढचे दिवस साधे होते. नळी निघाली. डाव्या हाताचा आणि पायाचा व्यायाम सुरू झाला. रक्त पातळ ठेवणारी गोळी डॉक्टरांनी थांबवली आणि ती पुन्हा कधी सुरू करायची ते तेच ठरवतील, म्हणून बजावलं. बाबा आठवडाभराने पातूरला गेले. आमच्यासाठी गाडी काढणाऱ्या शेजाऱ्यांचे आणि आईला गप्प बसवणाऱ्या त्या डॉक्टरांचे उपकार फिटायचे नाहीत.

तुमच्या घरी कोणी वयस्क माणूस हळूहळू मंद होत चाललं असेल, एक पाय ओढत असेल, चप्पल निसटत असेल, सारखं डोकं दुखतं म्हणत असेल, तर 'वय झालं' म्हणून सोडून देऊ नका. मागच्या दोन-तीन महिन्यांत डोक्याला लागलं होतं का, ते आठवायला लावा. ते विसरलेले असतील, घरच्यांना विचारा, आणि डॉक्टरांकडे न्या. त्यांच्या जागी तुम्ही बोलू नका. आणि रोज व्हिडिओ कॉल करत असाल तर जरूर करा, मीही करते, माझं पोटच त्यावर आहे. पण अधूनमधून जाऊन त्यांच्यासोबत चार पावलं चाला. पाय फोनवर दिसत नाहीत.

दीड महिन्याने दवाखान्यातून निरोप आला, पुन्हा तपासायचं आहे, व्हिडिओवर केलं तरी चालेल. बाबा खूश झाले. मी म्हटलं, नाही, आपण जायचं. सकाळी पातूरहून त्यांना आणि आईला घेऊन अकोल्याला गेले. आमचा नंबर सत्ताविसावा होता.

बाबा भडकले. "फोनवर झालं असतं ना काम! तूच तर दुनियाभराले फोनवर शिकवून राहिली, अन् बापाले इथं उन्हात आणून बसवते? तिकडं गुलाब तोडाचा राहिला, मजूर काय माही वाट पायते? अन् ह्या खुर्च्या पाय, माणूस चांगला असला तरी इथं बसून बीमार पडते..."

तीन तास. मजूर झाले, ऊन झालं, माझा हट्ट झाला, कॅन्टीनचा चहा झाला. त्यांनी कुठे श्वास घेतला तेही कळलं नाही. आई मधे बोलली नाही आणि मीही बोलले नाही.

माझे डोळे भरून आले तसे ते थबकले. "आता रडते कावून? चुकीचं बोलून राहिलो का मी?"

"नाही बाबा," मी म्हटलं. "बोला तुम्ही."