पत्र्यांच्या बोलीवर चढलेली घोडी

घोडी प्राचार्यांच्या खोलीच्या दारात उभी होती आणि तिला आत यायचं होतं. प्राचार्य कुलकर्णी सर खुर्ची सोडून खिडकीला टेकले होते. घोडीचा मालक दगडूबा लगाम प्यूनच्या हातात देऊन मोकळा झाला होता. काही बातमी मिळते का बघायला मी गेलो होतो, तर बातमीच माझ्या तोंडावर फुरफुरली.

मी तेव्हा सोलापूरच्या एका दैनिकाचा स्ट्रिंगर होतो. स्ट्रिंगर म्हणजे पगार नसलेला वार्ताहर. जेवढं छापून येईल तेवढ्याचे पैसे, तेही चारदा आठवण केल्यावर. बातमी लिहायची, पाकिटात घालायची, येरमाळ्याच्या फाट्यावर जाऊन सोलापूरच्या एसटीच्या कंडक्टरला चहा पाजायचा आणि पाकीट त्याच्या हवाली करायचं. दुष्काळाच्या, सोसायट्यांच्या निवडणुकीच्या मोठ्या बातम्या जिल्ह्याचे वार्ताहर देत. माझ्या वाट्याला फिलर. पानाच्या तळाशी दोन बोटं जागा उरली की ती भरायला टाकतात ती बातमी म्हणजे फिलर. शेळीला चार करडं झाली, वरातीत व्याही रुसून झाडावर चढला, असलं. मला त्याचं वाईट वाटत नसे. आमच्या भागात लोक पेपर तळापासून वर वाचत जातात, हे मला केव्हाच कळलं होतं.

वर्ष बहात्तरच्या दुष्काळाचं. कॉलेज नवंकोरं, बंद पडलेल्या जिनिंगच्या गोदामात भरायचं. प्रयोगशाळेच्या भिंती पोरांनी आणि गावानं श्रमदानानं उभ्या केल्या होत्या. वर मात्र आभाळ. विद्यापीठाची कमिटी महिन्याभरात येणार होती आणि छप्पर दिसलं नाही तर सायन्सचा वर्ग बंद होणार होता. माझी धाकटी बहीण शालू त्याच वर्गात होती. तिला शिकायला लातूरला ठेवायची आमच्या वडलांची तयारी नव्हती. स्थळं बघायची तयारी मात्र पूर्ण होती. दोन पाव्हणे तर येऊन चहा-पोहे खाऊनही गेले होते. घरात शालू माझ्याशी बोलायची ते एकच, दादा, छपराच्या पत्र्यांचं काय झालं?

कुलकर्णी सर पुण्याकडचे. माणूस सोन्यासारखा, पण निधी जमवायची त्यांची रीत तिकडची. त्यांनी आधी तिकीट लावून गाण्याचा कार्यक्रम ठेवला, त्या बिनछपराच्या प्रयोगशाळेतच. सगळा गाव आला आणि भिंतीच्या बाहेर पटकुरं टाकून बसला. छप्परच नव्हतं, तर गाणं आत राहील कसं? लोकांनी वाहवासुद्धा बाहेरून दिली. मग सरांनी दवंडी पिटवली की ज्याला जे जमेल ते त्यानं कॉलेजला द्यावं. त्याला मान देऊन आली ती ही घोडी.

"सर, जमंल ते द्या म्हनलात," दगडूबा म्हणाला, "माझ्याकडं हीच हाय."

त्याचंही खरं होतं. घोडी वरातीची. त्या वर्षी लग्नं दहा माणसांत उरकत होती, वरात कुठली निघायला? चाऱ्याच्या छावणीत गुरं घेत, घोडी घेत नव्हते. घरात ठेवून तिला घालायचं काय? त्यापेक्षा विद्येच्या कामाला लागली तर पुण्य तरी पदरात पडेल, असा त्याचा हिशेब. तो हात जोडून निघून गेला. तेवढ्यात तास संपल्याची घंटा झाली आणि वरातीला सरावलेली घोडी व्हरांड्यात पुढचे दोन्ही पाय उचलून नाचायला लागली. वर्गातली पोरं खिडक्यांना लोंबकळली. त्या दिवशी पुढचा तास कुणी घेतला नाही.

मी फिलर पाठवला. मथळा डेस्कवरचे लोक देतात. डेस्क म्हणजे कार्यालयात बसून आमचं लिखाण कापणारी मंडळी. त्यांनी मथळा दिला, 'घोडीचा कॉलेजात प्रवेश'. सर माझ्यावर उखडले. कमिटीनं हे वाचलं तर काय म्हणेल, आपली काय शोभा राहिली, असं बरंच बोलले. पण दोन दिवसांत तडवळ्यापासून माणसं घोडी बघायला यायला लागली, आणि घंटा वाजेपर्यंत हलेनात. एवढी गर्दी फुकट का घालवायची? बाजाराच्या दिवशी घोडीचा लिलाव करू, असं मी सुचवलं. दुष्काळात रोकड कुणाकडं नव्हती, म्हणून विकास सोसायटीच्या चेअरमन नानांनी तोड काढली. बोली पत्र्यांतच लावायची. जो जिंकेल त्यानं खरेदी-विक्री संघाच्या दुकानातून तेवढे पत्रे उधारीवर उचलून कॉलेजात टाकायचे.

बाजाराच्या दिवशी गोदामापुढं मुंगीला शिरायला जागा नव्हती. हलगीवाले न बोलावता आले. हलगी कडाडली, घोडी नाचली आणि नानांनी आठ पत्र्यांवर बोली जिंकली. कुलकर्णी सर इतके हरखले की त्यांनी नानांना हार घातला, लगाम त्यांच्या हातात दिला आणि माईकवर म्हणाले, "अभिनंदन. घोडी आपण आजच घेऊन जावी."

इथंच घोटाळा झाला. आमच्याकडं देवळात नारळाचा लिलाव होतो, त्याची रीत वेगळी. जिंकणाऱ्याला मान मिळतो, नारळ तो परत देवालाच देतो, मग त्याच नारळाचा पुन्हा लिलाव होतो. नारळ घरी नेला तर सात पिढ्या नावं ठेवतात. हे सरांना कुणी सांगितलंच नव्हतं. आम्हाला वाटलं, एवढे शिकलेले, त्यांना ठाऊक असणारच.

नानांचा चेहरा उतरला. लगाम हातात घेऊन ते म्हणाले, "सर, म्या घोडी मागितली व्हती का? मला काय वरात काढायचीय?"

ते तिथून निघाले असते तर त्यांच्यामागं अर्धा गाव उठला असता, आणि पत्रेही. माझ्या डोळ्यांपुढं चहा-पोहे खाणारे पाव्हणे आले. मी सरांच्या हातातला माईक जवळजवळ हिसकावला आणि ओरडलो की नानासाहेबांनी ही घोडी मोठ्या मनानं कॉलेजला परत अर्पण केली आहे. टाळ्यांचा कडकडाट झाला. नाना जागच्या जागी दोन इंच उंच झाले. लगाम परत आला, आणि लगोलग दूध सोसायटीचे चेअरमन अण्णा उठले. नाना आणि अण्णा यांचं विळ्या-भोपळ्याचं सख्य. नाना आठ बोलले म्हणजे अण्णांना दहा बोलणं भागच होतं.

मग जे सुटलं ते काही आवरेना. अण्णांनी घेतली, परत दिली. नानांनी पुन्हा घेतली, पुन्हा दिली. भुसारवाल्यानं घेतली, शिंप्यानं एका पत्र्यावर घेतली, हेडमास्तरांनी घेतली. दर वेळी हलगी, दर वेळी नाच. घोडी कुणाची झाली हे तिला स्वतःलाही कळेना. सरांना आता रीत उमगली होती आणि त्यांना चेव चढला होता. ते टेबलावर चढून म्हणाले, माझा एक पत्रा, आणि बोली सुटायच्या आतच दोन्ही हात वर करून, परत दिली, परत दिली. हसून हसून माझ्या पोटात दुखायला लागलं. प्रयोगशाळेचं छप्पर झालं होतं, आता व्हरांड्याचं होत आलं होतं.

आणि गर्दी फाकली. दगडूबाची बायको गोदाक्का खडी फोडायच्या कामावरून तशीच आली होती, पापण्यांवरसुद्धा धूळ. हलगी आपोआप थांबली. दगडूबा माझ्यामागं लपायला बघत होता.

"माझ्या बापानं मला दिल्याली घोडी हाय ही," ती शांतपणे म्हणाली. "ह्यांनी सांगितलं, भावाकडं चाऱ्याला धाडली. कामावर मुकादमानं पेपर वाचून दाखवला तवा मला कळलं."

माझा फिलर. मी माईक खाली ठेवला. सर टेबलावरून उतरले आणि म्हणाले, बाई, चूक आमची, घोडी तुमची तुम्ही घेऊन जा. गोदाक्कानं मान हलवली.

"फुकट न्हाय. पोरीबाळींची शाळा हाय. माझ्या न्हाणीवर एक पत्रा हाय, त्यो माझी बोली. पर घोडी म्या नेनार. परत द्यायची न्हाय."

नानांनी अण्णांकडं बघितलं, अण्णांनी नानांकडं. जन्मात पहिल्यांदा दोघांचं एकमत झालं. नानांनी एका दमात एकवार, दोनवार, तीनवार म्हणून टाकलं. गोदाक्कानं लगाम घेतला, घोडीच्या मानेवरून हात फिरवला आणि तिच्या कपाळाला कपाळ लावून उभी राहिली. कधी नव्हे ते मला हुंदका आला. मग ती वळून म्हणाली की आता घोडी खरंच भावाकडं चाऱ्याला धाडते, आणि तिच्यासंगं ह्यांनाबी धाडते. बाजार पुन्हा खो खो हसला. सगळ्यांत मोठ्यानं दगडूबा हसला, कारण सुटलो असं त्याला वाटलं होतं. तो पाऊस पडेपर्यंत मेहुण्याकडं होता.

कमिटी आली तेव्हा छपरावर नवे पत्रे लखलखत होते आणि मधोमध एक काळा, भोकाचा. त्यातून उन्हाचा कवडसा थेट टेबलावर पडत होता. तो बदलून घ्या, असं कमिटीतले एक साहेब म्हणाले. बाकी काही सांगा, तो नाही बदलता येणार, असं सरांनी नम्रपणे सांगितलं. मान्यता मिळाली. शालू बी.एस्सी. झाली, पुढं तिनं तिथंच मुलींना केमिस्ट्री शिकवली. लिलावाची बातमी मी चांगली दोन पानं लिहून पाठवली होती, डेस्कनं चार ओळी छापल्या.

कुलकर्णी सरांनी नंतर पुष्कळ निधी जमवला. पण कुणी काही द्यायला आलं की आधी त्याला बसवायचे, पाणी द्यायचे आणि प्यूनला त्याच्या घरी पिटाळायचे, घरच्या बाईंना ठाऊक आहे का विचारून ये म्हणून. निम्मे देणगीदार पाणी पिऊनच उठून जात.