डावखुऱ्याचा जोड

त्याला सगळे ठिणगी म्हणत. धंदा वेल्डिंगचा आणि स्वभाव असा. एखादं गिऱ्हाईक म्हणालं, "मास्तर, जरा उरकून टाका, थोडं इकडंतिकडं झालं तर चालेल," की याचा भडका उडालाच. "चालेल? फाटक पोराच्या अंगावर पडलं तरी चालेल?" असं तोंडावर विचारायचा. त्यापायी बरीच गिऱ्हाइकं तुटली, पण जी टिकली ती जन्माची. बायको म्हणायची, "अहो, डोळ्यांना काच लावता, तशी एखादी तोंडालाही लावा!"

त्यांची एकुलती एक मुलगी अकरा वर्षांची. घरात तिला भिंगरी म्हणत, कारण एका जागी बसेल तर शपथ. वस्तीबाहेरच्या मैदानात मातीचे उंचवटे रचले होते आणि त्यांवरून मुलं छोट्या मोटारसायकली उडवायची. शिकवणारे सर भिंगरीला रविवारी अर्धा तास आपली जुनी गाडी द्यायचे. एक दिवस ते ठिणगीला बाजूला घेऊन म्हणाले, "हिच्या अंगातच आहे हो हे. हिला स्वतःची गाडी हवी."

नवी गाडी झेपण्यातली नव्हती. मग वापरलेली बघायची ठरली. बायकोने आधी आकाशपाताळ एक केलं, मग म्हणाली, "घ्यायचीच असेल तर ओळखीच्या माणसाकडून घ्या. निदान फसवणार तरी नाही." ज्या कुणी हे वाक्य जगात पहिल्यांदा उच्चारलं असेल, त्याला शोधून चौकात उभं केलं पाहिजे.

ओळखीचा गाडीवाला होताच. बाजाराच्या टोकाला त्याचं जुन्या गाड्यांचं दुकान होतं. दोन वर्षांपूर्वी त्याने ठिणगीकडून थोडं काम करून घेतलं होतं. बोलायला गोड. "मास्तर, तुमची मुलगी ती माझी पुतणी," म्हणत त्याने एक निळी गाडी बाहेर काढली. चकचकीत रंग, टाकीवर विजांची चित्रं, आणि हँडलखालच्या मानेवर हे एवढं मोठं स्टिकर.

ठिणगीने गाडी तपासली, आणि कशी? इंजिनातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं, म्हणून फसवणूक होईल ती तिथेच, अशी त्याची खात्री. त्याने प्लग काढून बघितला, तेलाचा वास घेतला, तीनदा गाडी सुरू करून तीनदा बंद केली, साखळी ओढून पाहिली. राहिली फ्रेम. ती काय, आपलाच प्रांत! तिच्यावरून नुसता हात फिरवला आणि सोडून दिली. शिंप्याने कापड घेताना रंग बघावा, काठ बघावा, आणि वीण तेवढी बघायची राहावी, तसं झालं.

गाडी घरी आली. भिंगरीने दोन दिवस तिला पुसून पुसून नवी नवरी करून टाकली. शनिवारी सकाळी ती म्हणाली, "बाबा, ते मानेवरचं स्टिकर मला नको. तिथे माझा नंबर लावायचाय." ठिणगी वर्कशॉपच्या दारात बसून स्टिकर खरवडू लागला. स्टिकरबरोबर रंगाचा पापुद्रा निघाला, आणि रंगाखाली पुट्टी. लोखंडावर पुट्टी कशाला? त्याने पॉलिशपेपर घेऊन घासायला सुरुवात केली. खाली जोड निघाला, मानेच्या अगदी मुळाशी. गाडी उंचवट्यावरून खाली आदळते तेव्हा सगळा भार येतो तिथे.

जोडावरचे, वितळून थिजलेल्या लोखंडाचे खवले उजवीकडून डावीकडे गेले होते.

वेल्डिंग हे हस्ताक्षर असतं. आसपासच्या सगळ्या वेल्डरांचे जोड डावीकडून उजवीकडे जात. डावखुरा एकच होता. ठिणगीने पॉलिशपेपर धरलेल्या आपल्या डाव्या हाताकडे बघितलं.

दोन वर्षांपूर्वीचं ते काम त्याला आठवलं. गाडीवाल्याने तडे गेलेल्या सहा नुसत्या फ्रेमा आणून टाकल्या होत्या. "मास्तर, दुकानात भिंतीला टांगायच्यात, शोभेला. नुसतं दिसलं की बास. उरकून टाका." आणि फाटकासाठी लोकांशी भांडणाऱ्या या माणसाने त्या उरकून टाकल्या होत्या. गंज साफ केला नाही, तडा खोलवर भरला नाही, वरवर टाके मारून मोकळा झाला. भिंतीवरच्या शोभेला कशाला हवा जीव?

"बाबा, काय झालं?" भिंगरीने विचारलं.

"गाडीला हात लावायचा नाही," तो इतका जोरात ओरडला की आतून बायको धावत आली.

तो तसाच तडक दुकानात गेला. आधी भिंतींकडे बघितलं. एका भिंतीवर आरसा, दुसरीवर घड्याळ, तिसरीला टायर टेकवलेले. टांगलेली फ्रेम नावालाही नव्हती. गाडी घ्यायला आला तेव्हाही भिंती अशाच होत्या, आणि हा शहाणा तेलाचा वास घेत बसला होता!

"लाज वाटत नाही?" ठिणगी गरजला. "लहान मुलांच्या जिवाशी खेळता? कुठे आहेत बाकीच्या पाच?"

गाडीवाला जागचा हलला नाही. "ओरडता कशाला, मास्तर? गिऱ्हाइकाला गाडी लागते, मी देतो. दोन वर्षं कुणाची तक्रार नाही."

"तक्रार करायला पोरगं उरायला तर हवं!"

"हे बघा." गाडीवाल्याने आवाज खाली आणला. "मागे ती पांढरी उभी आहे ना, ती एक नंबर आहे. न्या पुतणीला. वर एक पैसा नको. आणि बाहेर बोलायचंच असेल तर खुशाल बोला. मी म्हणेन, मी फ्रेमा दुरुस्तीला दिल्या होत्या, मास्तरांनी काम कच्चं केलं. जोड कुणाचा आहे?"

ठिणगी मागच्या बाजूला गेला. पांढरी गाडी त्याने नीट बघितली, आणि या वेळी फ्रेमच बघितली. कुठे तडा नाही, कुठे जोड नाही. भिंगरीला शोभली असती. पण ती तिथेच सोडून तो बाहेर पडला.

घरी बायकोला सगळं सांगितलं. तिने आधी भिंगरीला बाहेर पाठवलं. मग म्हणाली, "उद्या मैदानात सांगितलंत तर तुम्हाला काम कोण देईल?"

"कोणी नाही."

"आणि नाही सांगितलंत तर?"

त्याने उठून खोक्यातून हातोडी बाहेर काढली.

रविवारी सकाळी तो हातोडी घेऊन मैदानात गेला. भिंगरी हट्टाने बरोबर आली. गाड्या रांगेत लागत होत्या, आईबाप डबे-बाटल्या घेऊन कडेला उभे होते. ठिणगी सरांना म्हणाला, "कुणालाही सुरू करू देऊ नका." मग सगळ्यांसमोर, एरवी भांडताना लावायचा तसाच आवाज लावून त्याने सांगितलं: सहा फ्रेमा, खोटी शोभा, गाडीवाला, आणि कच्चे टाके. "टाके माझे आहेत. मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं."

एकाने शिवी दिली. एक बाई मुलाला हेल्मेटसकट ओढत बाहेर घेऊन गेल्या. ठिणगी प्रत्येक गाडीपुढे गुडघे टेकून मान खरवडत होता, हातोडीने ठोकत होता. तीन गाड्या सापडल्या. दोन बद्द वाजल्या. तिसरीचा तडा वरूनच दिसत होता, नख जाईल एवढा. तिचा मालक नऊ वर्षांचा, आणि रांगेत पहिला. उरलेल्या दोन दुसऱ्या गावी विकल्या गेल्याचं एका मुलाच्या वडिलांनी सांगितलं. सरांनी तिकडे फोन लावायला घेतले.

भिंगरी बापाच्या शेजारी पॉलिशपेपर धरून उभी होती. सगळ्यांच्या नजरा आता तिच्यावरही होत्या. तिने मान खाली घातली नाही.

तेवढ्यात त्या नऊ वर्षांच्या मुलाची आई पुढे आली. रडून तिचे डोळे लाल झाले होते. आभार मानेल असं वाटलं. ती म्हणाली, "आमच्या गॅलरीचा कठडा तुम्हीच केलात ना?"

"हो," ठिणगी म्हणाला. "तो पक्का आहे, ताई."

तिने फोन काढून घरी लावला. "धाकटीला गॅलरीत जाऊ देऊ नका," ती म्हणाली. "दार लावून घ्या."

तो कठडा त्याने जीव ओतून केला होता.